पितृपक्षाआधीचे पेढे

माझी नात रेवा यंदा बारावीत आहे. तिच्या खोलीच्या दारावर तिनं एक मोठा पिवळा कागद चिकटवलाय. कुठल्या कॉलेजात जायचंय, कुठली ब्रँच घ्यायचीय आणि शिकून झालं की कुठल्या शहरात राहायचंय, हे सगळं त्यावर जाड मार्करनं लिहिलंय. कोचिंगवाल्यांनी सांगितलंय म्हणे. दर्पण कॉलनीतल्या आमच्या लाइनीत या वयाचं पोर असलेल्या प्रत्येक घरात असा एक कागद आहे. परवा मी मेथी निवडत बसले होते, तर ही येऊन विचारते, "आजी, तुझा गोल काय होता? मतलब, कॉलेजला जाताना तुला काय बनायचं होतं?" मी म्हटलं, "आधी दिवा लाव, अंधार झालाय." तिला वाटलं, आजीला ऐकू आलं नाही. ऐकू चांगलं आलं होतं. नोकरी करून निवृत्त झाले, केस पांढरे होऊन गळायला लागले, तरी हा प्रश्न कुणी विचारला की माझे कान गरम होतात. त्याचं मूळ काही पेढ्यांमध्ये आहे. रेवाला ते सांगायचं धैर्य झालं नाही, म्हणून इथे लिहिते आहे.

तेव्हा आम्ही याच गावात नया बाजारात राहत होतो; गाव हिंदी मुलखातलं, पण मराठी घरं पुष्कळ. खाली गुप्ताजींचं कापडाचं दुकान आणि वर आमच्या तीन खोल्या. सकाळी दुकानाचं शटर वर गेलं की आमच्या फरशीला कंप सुटायचा आणि आईच्या मांडणीतली भांडी किणकिणायची, मग मला उठवायला कुणी यावं लागत नसे. समोरच्या हलवायाकडे पहाटेपासून खवा आटत असे. त्याचा खुरपा कढईच्या तळाशी घासल्याचा आवाज आणि तो गोड, किंचित करपट वास यांत माझं सगळं बालपण गेलं. परीक्षेच्या दिवसांत त्या वासानं मला मळमळायचं, तो भाग वेगळा. घरात आम्ही तिघंच होतो. बाबा वीज मंडळाच्या ऑफिसात होते आणि सुट्टीच्या दिवशी ठरलेल्या चार घरी सत्यनारायण, वास्तुशांत असं काही असलं तर सांगायला जात. आजोबा एका सरदारांच्या घरी पूजेला होते, तेवढं धागाभर पौरोहित्य बाबांकडे उरलं होतं. पंचांग बघितल्याशिवाय ते नवी चप्पलसुद्धा पायात घालत नसत. घराबाहेर पडताना कुलूप ओढून बघत, जिन्याच्या मधल्या पायरीपर्यंत उतरत आणि परत वर येऊन पुन्हा ओढून बघत. एवढा सावध माणूस असं कसं करून बसला, हे आई शेवटपर्यंत म्हणत राहिली.

आमच्या घरची एक पद्धत होती. शुभ बातमीचे पेढे आम्ही कागदात किंवा डब्यात देत नसू, वाटीत देत असू. सरदारांकडून चांदीच्या वाट्यांवर विणलेला रुमाल घालून पदार्थ यायचे, ते आजीनं पाहिलेलं. आमच्याकडे चांदी कधीच नव्हती, पण स्टीलच्या वाट्या आल्या, त्यांवर ठिपक्याठिपक्यांनी बाबांचं नाव घालून घेतलं गेलं आणि रुमालही विणले गेले. आता वाटी म्हटली की ती परत यायची, आणि आपल्या लोकांत वाटी रिकामी परत करायची नसते. काही नाही तर चिमूटभर साखर तरी घालायची. त्यामुळे आमची प्रत्येक आनंदाची बातमी दोनदा साजरी व्हायची. जाताना पेढे जात आणि येताना कुणाची भाजणी येई, कुणाचं लोणचं, कुणाच्या वड्या. लहानपणी मला पेढ्यांपेक्षा वाट्या परत यायचीच जास्त उत्सुकता असे.

मी अकरावीत गेले तेव्हापासून जो भेटेल तो विचारायचा, पुढे काय? लग्नात, हळदीकुंकवाला, डेअरीच्या रांगेत, सगळीकडे हाच प्रश्न. उत्तर मला कधीच द्यावं लागलं नाही. मी तोंड उघडायच्या आत बाबा म्हणत, "मंजू डॉक्टर होणार." हिंदीवाला असेल तर, "बिटिया डॉक्टरी करेगी." हे त्यांनी कधी ठरवलं मला माहीत नाही. एकदा मात्र त्यांनी सांगितलं होतं की ते लहानपणी आजोबांबरोबर सरदारांकडे जात, तेव्हा वैद्य आले की सरदार स्वतः उठून उभे राहत आणि भटजी आले की फक्त बायका उठत. हे सांगताना ते हसले होते. मी हसले नव्हते, कारण मला कळलं होतं की आपल्याला आता सुटका नाही.

खरं सांगायचं तर मला सुटका करून तरी कुठे जायचं होतं? माझी मैत्रीण शैला कदम, नेहमी हसतखिदळत असणारी, दणकट हाडाची मुलगी, तिचं सगळं पक्कं होतं. तिच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या फौज. पणजोबा घोड्यावर, आजोबा पायदळात आणि तिचे वडील, कदम काका, सिटी सेंटरला तेव्हा नव्या नव्या उघडलेल्या एका बँकेत बंदूक घेऊन दाराशी उभे असत. शैला म्हणायची, "मला काय, मी तर बी.ए. करणार, एन.सी.सी. घेणार, और फिर सीधे पोलिसात. बस." आणि खरंच तिला तसं हवं होतं. ते तिच्या चालण्यातून दिसायचं. "आणि तुला ग?" असं तिनं एकदा मला पाणीपुरीच्या ठेल्यावर विचारलं. मी म्हटलं, "डॉक्टर." ती म्हणाली, "ते तर तुझ्या बाबांचं झालं. तुझं काय?" मी पाणीपुरी तोंडात घातली आणि तिखटानं डोळ्यांत पाणी आल्याचं निमित्त केलं. मला काहीच व्हायचं नव्हतं. कथेतल्या मुलीला गुपचूप गाणं शिकायचं असतं किंवा चित्रं काढायची असतात, तसं माझ्या पोटात काहीही लपलेलं नव्हतं. मला दुपारी गादीवर पडून हलवायाचा खुरपा ऐकायला आवडायचं, संपलं. जगातल्या सगळ्या मुलामुलींना काहीतरी हवं आहे आणि मीच एक कोरी जन्मले आहे, याची मला इतकी लाज वाटायची की बाबांनी माझ्या वतीनं उत्तर दिलं की मनातून बरंच वाटायचं.

मेडिकलची परीक्षा झाली, निकाल लागला आणि माझं नाव मुख्य यादीत आलं नाही, प्रतीक्षा यादीत आलं. तिला सगळे वेटिंग म्हणत. वेटिंग दरवर्षी खाली उतरतं, काही मुलं इंजिनीअरिंगला जातात, काही दुसऱ्या गावी जातात, जागा होतात. बाबांच्या ऑफिसातले सक्सेनाजी, त्यांचे मेहुणे भोपाळला प्रवेश परीक्षांच्या खात्यात होते. मेहुण्यांना विचारून सक्सेनाजींनी सांगितलं, "पंडितजी, हो गया समझिए." ते वाक्य बाबा घरी घेऊन आले आणि देवापुढे ठेवावं तसं आमच्यापुढे ठेवलं. तोपर्यंत रिकामं बसू नये म्हणून मी मुलींच्या कॉलेजात बी.एस्सी.ला नाव घातलं होतं; शैलाही तिथेच बी.ए.ला होती. घरी त्याला बी.एस्सी. कुणी म्हणत नसे, "तोपर्यंतचं" म्हणत. "मंजू तोपर्यंतच्या कॉलेजात गेलीय," असं आई सांगायची.

शेवटची यादी भाद्रपद संपता संपता लागणार होती, म्हणजे नेमकी पितृपक्षात. बाबांनी पंचांग उघडलं आणि तिथेच गाडं अडलं. पितृपक्षात शुभ बातमीचे पेढे वाटायचे नाहीत. म्हणजे थांबायचं ते थेट घटस्थापनेपर्यंत. आई म्हणाली, "मग नवरात्रात वाटू. पळून थोडंच जाणार आहे?" बाबा म्हणाले, "तोपर्यंत सगळ्या गावाला कळलेलं असणार. शिळ्या बातमीचे पेढे वाटून राहिलो आहे असं होईल. आणि एवढ्या मोठ्या गोष्टीची पहिली वार्ता पितृपक्षात कानावर पडावी, हे मला बरं नाही लागत." आई म्हणाली, "पण यादी तर लागू द्या." त्यावर बाबांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "सक्सेनाजी म्हणालेत ना, हो गया समझिए." आमच्यासारख्यांच्या घरीच असं होऊ शकतं. दुसऱ्या कुणी यादीची वाट बघितली असती, बाबांनी तिथीची बघितली.

अनंत चतुर्दशीला दुपारी पेढे वाटले गेले. समोरच्या हलवायाकडून खास केशर घातलेले आणले होते. आई वाट्यांत पेढे लावत होती आणि मी वर रुमाल घालत होते. बाबा स्वतः घरोघर गेले, मला बरोबर घेऊन. धुतलेलं धोतर, खांद्यावर उपरणं, आणि माझ्या अंगावर आईची निळी साडी. प्रत्येक घरी बाबा म्हणत, "मंजूचं मेडिकलला झालं." 'समझिए' त्यांनी कुठेच म्हटलं नाही. बायका माझ्या गालांवरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडत होत्या. पलीकडच्या गल्लीतल्या तात्या बर्व्यांनी तर उठून उभं राहून माझ्याशी हात मिळवला. ते एकटे राहत आणि शाळेतून निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली होती. त्यांनी आयुष्यात कुणा मुलीशी हात मिळवला नसावा, कारण तो त्यांनी डावा पुढे केला आणि मग बदलला. बाबांनी ते बघितलं. ते उभं राहणं त्यांनी डोळे भरून बघितलं. त्या एका क्षणासाठी मला बाबांवर राग धरता येत नाही, आणि त्याच क्षणाची मला सगळ्यांत जास्त लाजही वाटते.

पितृपक्षातल्या अष्टमीला आमच्याकडे आजोबांचं श्राद्ध असे. खीर, वडे, आमसुलाची चटणी, लाल भोपळ्याची भाजी, गवार. बाबा गच्चीवर कावळ्यासाठी पान ठेवून आले आणि सोवळ्यातच होते, तेवढ्यात खालून गुप्ताजींनी हाक मारली, "पंडितजी, भोपाल से फोन है." जिल्ह्याभरात आमच्यासाठी फोन यायची तेवढी एकच जागा. मी जिन्यात उभी राहिले. बाबा दुकानात उघड्या अंगानं, सोवळ्याचा काठ धरून उभे होते आणि फोनमध्ये म्हणत होते, "जी. जी. अच्छा. बिलकुल नहीं हिला? जी." गुप्ताजींचा नोकर एका बाईला गजानं लठ्ठ्याचं पांढरं कापड मोजून देत होता, त्यानं मोजायचं थांबवलं नाही. बाबा वर आले, पाय धुतले आणि पानावर बसले. जेवताना ते एवढंच म्हणाले, "यंदा वेटिंग हललंच नाही." आईच्या हातातून खिरीचा डाव वाटीत पडला. आजोबांच्या श्राद्धाचा वडा मी चावत होते आणि बाबा माझ्याकडे बघत नव्हते. रागावले असते तर चाललं असतं. ते असे बसले होते की जणू माझ्यासमोर बसायची त्यांना परवानगी नाही.

मग ठरलं की दसऱ्यापर्यंत कुणाला काही बोलायचं नाही. पुढचं पुढे बघू. पितृपक्षात तसंही कुणी कुणाकडे अभिनंदनाला येत नाही, त्यामुळे घर अगदी शांत होतं. त्या शांततेत बाबा एका सकाळी माझ्या वेणीकडे बघत म्हणाले, "मंजू, थोडे दिवस मोठ्या दवाखान्याकडच्या टेम्पोत बसत जा." मला आधी कळलंच नाही. मेडिकल कॉलेज तिकडे होतं. मग मी रोज हलवायाच्या दुकानासमोरून, सगळ्यांच्या देखत, सवाऱ्या भरून नेणाऱ्या त्या काळ्या धुराच्या टेम्पोत बसायची आणि पुढच्या थांब्यावर उतरून मुलींच्या कॉलेजला चालत जायची, मागच्या गेटानं. हलवाई हात जोडून म्हणायचा, "नमस्ते डॉक्टरनी जी." मी मान हलवायची. वर्गात वनस्पतिशास्त्र सुरू झालेलं असायचं आणि मी धापा टाकत मागच्या बाकावर शिरायची. सर म्हणायचे, "आप कहाँ से आती हैं?" वर्ग हसायचा. मी कुठून येत होते, हे मला तरी कुठे सांगता येत होतं?

घटस्थापनेच्या दिवसापासून वाट्या परत यायला लागल्या. लोकांनी पितृपक्षभर त्या सांभाळून ठेवल्या होत्या आणि आता शुभ दिवस बघून, भरून, रुमाल धुऊन इस्त्री करून आणून देत होते. पहिली आली जोशी काकूंची, खोबऱ्याच्या वड्या घालून. मग कुणाची चकली, कुणाचे बेसनाचे लाडू. शेजारच्या तिवारी चाचींनी मखाने तुपात परतून आणले. नवरात्राचे उपास होते, तर कुणी खास वरीची भाजणी करून आणली. प्रत्येक वाटीबरोबर एक वाक्य यायचं आणि आई ते दारातच घ्यायची, पदरात घेतल्यासारखं, मान खाली घालून. स्वयंपाकघरात त्या वाट्या ओळीनं मांडल्या जात होत्या. आम्ही तिघांनी त्यांतलं काहीच खाल्लं नाही. चार दिवसांत वड्यांना मुंग्या लागल्या, तरी आई फेकेना. "लोकांचं मनापासूनचं आहे," म्हणायची आणि पुन्हा झाकून ठेवायची.

तात्या बर्वे वाटी घेऊन स्वतः आले. वाटीत त्यांनी स्वतः केलेला गुळाचा सांजा होता, खालून लागलेला. एकटा माणूस, त्यानं माझ्यासाठी रवा भाजला होता. बसले, पाणी प्यायले आणि मग लाजत लाजत शर्टाची बाही वर करून मनगट माझ्यापुढे धरलं. म्हणाले, "जरा बघ ग बाळ. रात्री धडधडतं. मोठ्या डॉक्टरकडे काय जायचं, घरची डॉक्टर असताना." आई दाराला धरून उभी होती. बाबा कोपऱ्यात पंचांग उघडून बसले होते आणि त्यांनी पान उलटलं. मी बाबांकडे बघितलं. त्यांनी म्हणायला हवं होतं की तिचं शिक्षण अजून सुरू व्हायचंय. त्यांनी म्हटलं नाही. ते मनगट तसंच हवेत होतं आणि शेवटी मी त्यावर बोटं ठेवली. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं, जसं सिनेमात बघतात तसं. त्वचेखाली काहीतरी उडत होतं. ते फार उडतंय की कमी, हे मला ठाऊक नव्हतं. तात्यांनी विचारलं, "ठीक आहे?" मी म्हटलं, "ठीक आहे." ते इतके खूश झाले. जिना उतरताना गुप्ताजींना सांगत होते ते मला वर ऐकू आलं, "बच्ची ने देख लिया, सब ठीक है." मी न्हाणीघरात जाऊन हात धुतले. लाज काय असते हे मला तोपर्यंत माहीत आहे असं वाटत होतं, पण माहीत नव्हतं.

शैला आली ती नवरात्रातल्या अष्टमीला, संध्याकाळी. एन.सी.सी.च्या खाकी कपड्यांतच आली होती, बुटांचा आवाज करत जिना चढली आणि माझ्या हातात वाटी दिली. रुमाल उचलला तर वाटी रिकामी. चिमूटभर साखरसुद्धा नाही. आमच्या घरात रिकामी वाटी परत यायची ही पहिलीच वेळ. मी तिच्याकडे बघतच राहिले. ती हळू आवाजात म्हणाली, "आईनं करंज्या भरून दिल्या होत्या. रस्त्यात मी खाल्ल्या. सगळ्या." मी म्हटलं, "का ग?" ती म्हणाली, "मी तुला रोज बघते ना कॉलेजात. लायब्ररीच्या मागच्या गेटानं येतेस ते. भरलेली आणली असती तर तुला घ्यावी लागली असती. थँक्यू म्हणावं लागलं असतं मला." मग तिनं माझ्या खांद्यावर थाप मारली, जोरात, आणि म्हणाली, "मैंने किसी को नहीं बोला. घरी पण नाही. चल, मला परेडला जायचंय," आणि खाड खाड उतरून गेली. कुणीतरी मला ओळखलं होतं आणि तरीही माझ्याशी बोललं होतं. मला रडू आलं नाही, मी फक्त वाटी मांडीत घेऊन वरच्या पायरीवर बसले.

आईनं रिकामी वाटी बघितली आणि तिचा चेहरा उतरला. "कदमांनी असं करावं?" ती म्हणाली. "मला लागतं, त्यांना कळलं असणार. नाहीतर रिकामी वाटी कोण पाठवतं?" तिचा कदम काकींबद्दल गैरसमज होऊ नये म्हणून मी सगळं सांगितलं. करंज्यांचं, मागच्या गेटाचं, थँक्यूचं. आईनं रुमालाची घडी घातली. मी वळले तर बाबा देवघराच्या उंबऱ्यात उभे होते, हातात घटाला घालायची झेंडूची माळ. किती वेळ उभे होते कोण जाणे. त्यांनी माळ घटावर सोडली, आमच्याजवळ आले, ती रिकामी वाटी उचलली आणि त्यावर ठिपक्यांनी कोरलेलं स्वतःचं नाव अंगठ्यानं पुसल्यासारखं केलं. मग ती इतर वाट्यांच्या ओळीत नेऊन ठेवली. त्या दिवशी ते जेवले नाहीत. अष्टमीचा उपास आहे असं म्हणाले. तो त्यांनी पूर्वी कधी केला नव्हता.

दसऱ्याला आमच्याकडे शमीची पानं सोनं म्हणून देतात. संध्याकाळी धाकट्यांनी थोरांच्या घरी जाऊन सोनं द्यायचं आणि पाया पडायचं. बाबा म्हणाले, "मंजू, चल." तेच धोतर, तेच उपरणं. मी निळी साडी नेसले नाही, साध्या कपड्यांत निघाले. कुठे जायचं हे त्यांनी सांगितलं नव्हतं, पण पहिल्या दोन घरांतच कळलं. पेढ्यांच्या वेळचा क्रम होता तोच होता. जोशी काकूंच्या हातात पानं ठेवून बाबा म्हणाले, "मंजूचं मेडिकलला झालं नाही. पेढे आधीच वाटले गेले." वाटले गेले, जणू ते आपोआपच वाटले गेले होते. काकू म्हणाल्या, "अगं बाई," आणि पानं कपाळाला लावली. चहा विचारला, बाबांनी नको म्हटलं. पुढच्या घरी पुन्हा तेच, शब्दाला शब्द. मी त्यांच्या मागे उभी राहून लोकांच्या फरशा बघत होते. कुणाची लाल, कुणाची शहाबादी. कुणी म्हणालं, "अरे, पुढच्या वर्षी होईल." कुणी माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच पेढे मागून खाल्लेत. हलवाई दुकानातून उतरून आला आणि बाबा त्यालाही सांगायला थांबले, रस्त्यात, सगळ्यांसमोर. मला वाटत होतं, जमीन दुभंगावी. बाबांचं उपरणं मागून घामानं ओलं झालं होतं.

तात्या बर्व्यांकडे त्यांनी तेच वाक्य म्हटलं. तात्या खुर्चीत बसलेले होते. त्यांनी पानं हातात घेतली, म्हणाले, "असं होय," आणि शर्टाची बाही मनगटावर खाली ओढून बटण लावलं. एवढंच केलं त्यांनी. त्यांना पुढे हृदयाचं काही झालं नाही, ते खूप वर्षं जगले आणि रस्त्यात भेटले की माझी चौकशीही करत. पण मी आजही कुणा म्हाताऱ्या माणसाला बाहीचं बटण लावताना बघितलं की नजर दुसरीकडे वळवते. तिथून बाहेर पडल्यावर बाबा गल्लीत भिंतीला टेकून जरा थांबले. मी म्हटलं, "बाबा, आता घरी जाऊ या. बाकीच्यांना आपोआप कळेल." ते म्हणाले, "कदमांचं राहिलंय."

कदम काका बँकेतल्या पहाऱ्यावरून नुकतेच आले होते, नुसत्या बंडीवर बसलेले. काकी आतून पुरणपोळीचं ताट घेऊन आल्या. शैला दारात टेकून उभी होती, तिनं माझ्याकडे बघितलं आणि भुवया उडवल्या. बाबांनी सोनं दिलं. मी ते ठरलेलं वाक्य ऐकायला मान खाली घातली. बाबा म्हणाले, "कदम साहेब, मंजूचं झालं नव्हतं. यादी लागायच्या आधी पेढे मी वाटले. तिचं यात काही नाही." आणि थोडं थांबून म्हणाले, "तिला दवाखान्याच्या टेम्पोत मीच बसवत होतो." ते काकांना कळलं नसणार. ते माझ्यासाठी होतं, किंवा शैलासाठी. काका फौजी घरातले, त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ठीक आहे भटजी. बसा." मग काकींनी माझ्या हातात ताट देता देता सहज विचारलं, "मग आता काय बनणार ग तू?"

मी सवयीनं बाबांकडे बघितलं. इतकी वर्षं हा प्रश्न आला की तेच उत्तर द्यायचे.  त्यांना ऐकू आलं होतं, त्यांनी माझ्याकडे वळून बघितलंसुद्धा, पण ते बोलले नाहीत. ते वाट बघत होते. पहिल्यांदाच त्यांनी ती जागा माझ्यासाठी मोकळी सोडली होती आणि माझ्याकडे तिथे ठेवायला काही नव्हतं. कान तापले, हातातलं ताट जड झालं, शैला बघत होती, काकी बघत होत्या. नाडीच्या वेळी वाटली होती त्याहून ही लाज वेगळी होती, कारण यात खोटं काहीच नव्हतं. मी म्हटलं, "मला माहीत नाही." काकी हसल्या आणि म्हणाल्या, "बरं, पोळी तर खा," आणि तुपाची वाटी पोळीवर उपडी केली. त्या दसऱ्याची ती पहिली गोष्ट मी खाल्ली.

परत येताना नया बाजाराच्या तोंडाशी सक्सेनाजी भेटले, बायकोमुलांसह मेळ्याला निघालेले. त्यांना अर्थातच यादीचं सगळं ठाऊक होतं आणि ते थोडे ओशाळलेही होते. काहीतरी बोलायचं म्हणून माझ्याकडे बघत त्यांनी विचारलं, "तो पंडितजी, अब बिटिया क्या करेगी?" बाबांनी उपरणं नीट केलं. माझ्या ओळखीचा तो सूर त्यांना पुन्हा लागला, छाती थोडी पुढे, मान ताठ, डॉक्टरी करेगी म्हणताना लागायचा तोच.  बाबा म्हणाले, "अभी सोच रही है." आणि सक्सेनाजींच्या हातात शमीची उरलेली पानं ठेवून त्यांनी मला पुढे चालायची खूण केली.